दाखवायचे दात?

‘चोवीस फ्रेटच्या, टोकदार शिंगांच्या, कुलूपबंद तारांच्या गिटारी म्हणजे हत्तीचे दाखवायचे दात. वेगाच्या कसरतीपलीकडे त्यांचा उपयोग शून्य. खरा सूर जुन्या लाकडात असतो, आणि बोटांत.’ कुणी हौशीनं आपली लाडकी सुपरस्ट्रॅट कौतुकानं दाखवली की हा मजकूर हमखास फिरू लागतो. (सुपरस्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, अर्थात ‘स्ट्रॅट’, या जुन्या इलेक्ट्रिक गिटारीच्या आकारावरून निघालेली गिटार; शिंगं म्हणजे तिच्या बॉडीची टोकं; फ्रेट म्हणजे नेकवरच्या, म्हणजे लांब मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या.)

आधी कुलूप. ट्रेमोलो म्हणजे ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, हलवून सूर खाली-वर करणारी यंत्रणा. साध्या ट्रेमोलोचा दांडा दाबला की तारा सैल पडतात. परत ताणल्या जाताना त्या नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत आणि खुंटीवरच्या वेढ्यांत किंचित अडकतात, आणि सूर हलतो. फ्लॉइड रोझ यांनी तार नटपाशी आणि ब्रिजवर, दोन्ही टोकांना आवळून टाकली. १९७९ साली त्याचं पेटंट मिळालं. तारेला सरकायला जागाच उरली नाही. सुरात राहण्यासाठी केलेली खटपट दिखावा कशी ठरते? हां, जाच आहेच. तारा आणि स्प्रिंगा यांच्या तोलावर तरंगणाऱ्या ब्रिजवर एक तार तुटली की स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. टीका करायचीच तर इथे करा.

‘फक्त वेगासाठी’ हे तर इतिहासालाच धरून नाही. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं स्ट्रॅटच्या आकाराच्या बॉडीत गिब्सन कंपनीचा हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (तारेचं कंपन पकडणारा भाग), बसवला तो आवाजासाठी: स्ट्रॅटचा दांडा हवा, पण आवाज जाड हवा. एका कॉइलचा पिकअप डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) वाढवलं की गुणगुणतो. गिब्सनचेच इंजिनियर सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडून ती गुणगुण मारली होती. सुपरस्ट्रॅटचं मूळ या जुगाडात आहे.

चोवीस फ्रेट म्हणजे प्रत्येक तारेवर पूर्ण दोन सप्तकं, बस. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांसोबत घरीच बनवायला घेतलेल्या गिटारीलाही चोवीसच फ्रेट आहेत, आणि तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरलेली. त्यांच्या वादनाला कुणी कसरत म्हणत नाही. खरी तडजोड वेगळीच आहे: जादा फ्रेटना जागा देताना नेककडचा पिकअप ब्रिजकडे ढकलला जातो आणि त्याचा गोल आवाज थोडा टोकदार होतो. टीकाकार नेमकं हेच विसरतात.

आता लाकूड आणि बोटं. सूर लाकडात असेल तर बोटांत कसा, हे आधी त्यांनीच आपसांत ठरवावं. पिकअप म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्याला पोलादी तारेचं कंपन कळतं. लाकडाचा वाटा किती, यावर भांडणं चालू राहोत. पिकअप दोन मिलिमीटर वर-खाली केला तर फरक कुणालाही ऐकू येतो. आणि ‘जुनी’ म्हणून पुजली जाणारी स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये तीन पिकअप, अंगाला बसणारी कापणी आणि स्वतःचा ट्रेमोलो घेऊन आली, तेव्हा तीच नवी यंत्रबाज गिटार होती. बोटांचं मात्र खरं आहे. पण बोटांना वाव नको का? सव्वासात इंच रेडियसच्या गोलसर फिंगरबोर्डवर ॲक्शन (तारांची उंची) खाली ठेवून वरच्या फ्रेटवर मोठा बेंड घेतला, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवला, की नोट मध्येच मरते. सुपरस्ट्रॅटचा फिंगरबोर्ड सपाट केला तो यासाठी.

उरला दिखावा. फोटो काढण्याआधी तारा पुसल्या जातात, फ्रेटही चमकवले जातात. तेवढा आरोप मान्य.