रोल नंबर काय?

छप्पर उतरवलंय आणि पश्चिमेची भिंत निम्मी पाडलीय, अशा ग्रंथालयात शिरायलाही ओळखपत्र लागतं. परवा बेळगावातल्या एका लॉ कॉलेजात हे ज्ञान झालं. जुन्या इमारतीला नवी जोडायचं काम चाललंय, भेग बघायला मला बोलावलेलं. भिंत नव्हती, पण दार होतं. दारात टेबल आणि टेबलामागे मामा.

"रोल नंबर काय?"

"मामा, मी इंजिनिअर."

"इंजिनिअरिंगचं कॉलेज उद्यमबागेत हाय सर. सिटी बस मिळती बघा."

"मला भेग बघायचीय."

"ही लायब्ररी हाय. हितं पुस्तक बघायचं."

डावीकडून, म्हणजे जिथं भिंत असायला हवी तिथून, बायका डोक्यावर घमेली घेऊन ये-जा करत होत्या. मी तिकडं बोट दाखवलं.

"त्या कुठं दारातनं आल्यात?" मामा शांतपणे म्हणाले. "दारातनं येईल त्याची जबाबदारी माझी."

हा मुद्दा खोडायला त्या कॉलेजातला एकही वकील पुरा पडला नसता. शेवटी रजिस्टरात 'येण्याचा हेतू : वाचन' असं लिहिलं. मामांनी माझी पाच मीटरची टेप ठेवून घेतली आणि १७ नंबरचं टोकन दिलं. आत 'शांतता राखा' अशी पाटी, तिच्या शेजारी ब्रेकर चालू.

टेप नाही, म्हणून करंगळीनं मापलं. करंगळी आत गेली. भेग जुनी भिंत आणि नवा कॉलम जिथं भेटतात, नेमकी तिथं. जुनी भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, चुन्यात बांधलेली. जमिनीत बसायचं तेवढं ती कधीच बसून मोकळी झालीय. नवं आरसीसी आता कुठं बसायला लागलंय. दोघांची गाठ मारली की नवं जुन्याला खाली ओढतं. म्हणून मधे साधारण २५ मिलिमीटरची फट सोडायची, तीत फिलर बोर्ड, तोंडाला सीलंट, वरून पाणी अडवायला पत्र्याची पट्टी. ड्रॉइंगात ही फट होती. मेस्त्रीनं ती सिमेंटनं लिंपली. का? "बरी दिसत नव्हती सर." आता दिसतेय ती कुणाच्याच ड्रॉइंगात नाही.

चिऱ्यावरही त्यानं सिमेंटचाच गिलावा मारलाय. चिरा ओल पितो आणि सोडतो. सोडायची वाट बुजवली की क्षार फुटतात, पोपडे धरतात. तिथं चुनाच हवा, पण चुना मळत बसतो कोण! सीमाप्रश्नाच्या दाव्यासाठी आपण २००४ पासून सुप्रीम कोर्टाकडं डोळे लावून बसू शकतो, साडेचार मीटरपेक्षा लांब गाळ्याच्या स्लॅबचे टेकू १४ दिवस काढू नका म्हटलं की मात्र "एवढा वेळ कुठाय सर?"

पण भेग परवडली. कमिटीनं ठरवलंय की ए.आय.आर.चे, म्हणजे कोर्टांचे निकाल छापणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे, १९१४ पासूनचे बांधीव खंड पहिल्या मजल्यावरच्या जुन्या वर्गांत न्यायचे. एक खंड दोन किलो धरा. ९० सेंटिमीटरच्या फळीवर १८ बसतात. दोन्ही बाजूंना सहा-सहा फळ्या, म्हणजे एका रॅकवर २१६ खंड, ४३२ किलो. रॅकचं लोखंड वेगळं. वर्गाचा स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या हिशेबानं धरतात, पुस्तकांच्या कोठीचा ६००च्या, तोही रॅक २.२ मीटर उंच असेपर्यंत. मुलं निदान बेल झाली की उठून जातात.

रॅक खाली ठेवा, वाचनकक्ष वर न्या, असं सांगून झालं. बार कौन्सिलच्या नियमानं पटावरच्या निदान २५ टक्के मुलांना बसून वाचायची सोय लागतेच, ती वर आरामात होईल. उत्तर आलं, खाली ऑफिस आणि मीटिंग हॉल आहे. सोफा वजनदार असतो, मान्य.

आणि कौलं उतरवली मे संपता संपता. बेळगावात! पाऊस उंबऱ्यावर असताना खंड फरशीवर, भिंतीला टेकून, ताडपत्रीत आवळलेले. आत वाफ, वाफेनं बुरशी, खालून वाळवी. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवायला काय पैसे पडतात?

असल्या तिरमिरीत मी पडक्या भिंतीतूनच बाहेर पडलो. गेटाशी पोचतो तोच मागून हाक.

"सर! आत आलाईसा दारातनं, गेलाईसा भिंतीतनं. रजिस्टरात तुम्ही अजून आतच हाईसा."

"बरं, आता जाण्याची वेळ लिहितो. टेप द्या."

"पाच वाजून गेले. काउंटर बंद झाला की."

टोकन खिशात आहे. सोमवारी परत 'वाचन'.