हवेतसुद्धा उजवीकडे वळा

कुठल्याही वस्तूच्या नावाआधी ‘एव्हिएशन’ हा शब्द लावला की तिची किंमत तिप्पट होते. मांडीला पट्ट्याने बांधायचं लिहिण्याचं पॅड, वैमानिकाची टॉर्च, वैमानिकाचं घड्याळ. हेडफोनला तर त्या दुकानात हेडसेट म्हणतात आणि साधाच मागितला तरी शेकडो डॉलर घेतात. लायसन्सआधी डॉक्टर डोळे, कान, रक्तदाब तपासतो. पाकीट कोणीच तपासत नाही. त्यामुळे २०१० च्या उन्हाळ्यात मी ‘विमानात आणि गाडीत दोन्हीकडे चालेल असा, हातात मावणारा, परवडणारा जीपीएस’ शोधायला लागलो, तेव्हा दुकानदाराला या वाक्यातलं बाकी सगळं कळलं, ‘परवडणारा’ तेवढं कळेना.

आधी एक खुलासा. विमान माझं नाही. माझं स्वतःचं विमान आहे अशी बातमी सांगलीपासून सोलापूरपर्यंतच्या नातेवाइकांत आहे, पण ती माझ्या आईने पसरवलेली असल्यामुळे मी खोडून काढत नाही. मी न्यू जर्सीत नोकरी करतो आणि अधूनमधून शनिवारी प्रिन्स्टनच्या विमानतळावरून सेसना १७२ भाड्याने घेतो. चार सीट, एक पंखा, आणि तेव्हा तासाला सव्वाशे डॉलरच्या आसपास भाडं. इथले हौशी वैमानिक उडत शेजारच्या गावी जातात, बर्गर खातात आणि उडत परत येतात. त्याला ते ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात. बायकोला हे कौतुकाने सांगितलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं, ‘‘फ्राइज धरून?’’

आता जीपीएस कशाला, तर या भागात वाट चुकून चालत नाही. केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क असे तीन अगडबंब विमानतळ शेजारीशेजारी आहेत आणि त्यांचं राखीव आकाश थराथरांचं आहे. एका गावावर ते तीन हजार फुटांवर सुरू होतं, पुढच्या गावावर आणखी खाली येतं, विमानतळापाशी तर थेट जमिनीला टेकतं. परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. रस्ता चुकलो तर बायको बोलते. आकाश चुकलो तर एफएएचं, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचं, पत्र येतं. नैर्ऋत्येला फारच भरकटलो तर वॉशिंग्टनच्या राखीव आकाशात शिरून शेजारी लढाऊ विमान येतं. (तिन्हींत जास्त भीती कशाची, हे मी लेखी देणार नाही.)

गाडीचं दुखणं वेगळं. न्यू जर्सीत पुष्कळ चौकांत डावीकडे वळायचं असेल तर उजवीकडे वळावं लागतं. उजवीकडून एक फाटा फुटतो, तो गोल फिरवून तुम्हाला आडव्या रस्त्यावर आणून सोडतो आणि मग सिग्नलला तुम्ही सरळ जाता, म्हणजे डावीकडे जाता. याला जगहँडल म्हणतात. हे कळेपर्यंत नव्या माणसाची डावी लेन, धीर आणि संध्याकाळ, तिन्ही हातची जातात. एडिसनच्या ओक ट्री रोडवर मेथी आणायला गेलेली आमची मंडळी एकदा अशीच टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, चढली आणि पुढचं एक्झिट येईपर्यंत मेथीसह दक्षिणेला जात राहिली. तेव्हा ती म्हणाली, ‘‘तू वर चुकतोस, मी खाली चुकते. दोघांना मिळून एकच काय ते घे ना.’’

त्या दिवसांत माझे सासरे, आप्पा, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. त्यांना हा सगळाच प्रकार मान्य नव्हता.

‘‘जावईबापू, रस्ता विचारायला यंत्र कशाला? काच खाली करायची आणि माणसाला विचारायचं.’’

‘‘आप्पा, विमानात?’’

‘‘का? विमानाची काच उघडत नाही?’’

उघडते. सेसना १७२ ची खिडकी उडताना चांगली उघडते. मी हे त्यांना सांगितलं नाही.

चीड याची येते की या कारभारातला महागाचा सगळा भाग फुकट आहे. वीस हजार किलोमीटरवर तीसेक उपग्रह फिरताहेत, प्रत्येकात अणुघड्याळं. त्यातल्या चौघांचा संदेश पकडला की आपण कुठे आहोत ते कळतं. खर्च अमेरिकेच्या लष्कराचा. १९८३ मध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान वाट सोडून सोव्हिएत हद्दीत गेलं, पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर रेगननी जाहीर केलं की ही व्यवस्था उभी राहिली की सामान्यांनाही मोफत मिळेल. मिळाली, पण मुद्दाम थोडी चूक घालून. १ मे २००० च्या रात्री क्लिंटननी तीही काढून टाकली. म्हणजे अणुघड्याळं फुकट, ती वर नेणारी रॉकेटं फुकट, दोन राष्ट्राध्यक्षांचा शब्द फुकट. पैसे पडतात ते चार इंची काचेचे.

तर त्या काचा. गार्मिन कंपनीचा ४९६ हा तेव्हा सगळ्यांचा लाडका. विमानाचे नकाशे, रस्त्यांचे नकाशे, शिवाय सॅटेलाइट रेडिओवरून येणारं हवामान. २००६ साली आला तेव्हा किंमत तीन हजार डॉलरच्या घरात, हवामानाची वर्गणी दर महिन्याला वेगळी. तेवढ्या पैशांत आमच्या ऑफिसातल्या एकाने अख्खी गाडी घेतली होती. जुनी होती, पण तिच्यात रेडिओ धरूनच होता. सगळ्यात खालच्या पायरीवर गार्मिनचाच ९६सी: लहान, स्वस्तातला, पण रस्त्यावर वळणं सांगण्याच्या बाबतीत मुका. मधल्या पायरीवर खरी गर्दी होती. बेंडिक्स-किंगने २००८ मध्ये गाडीच्या जीपीएसच्या अंगात विमानाचे नकाशे घातले होते, आणि २०१० मध्ये गार्मिनचा ‘एरा’ आला: काचेला बोट लावलं की विमान, पुन्हा लावलं की मोटार. साडेसातशे-आठशे डॉलरपासून पुढे. नुसता गाडीचा तेव्हा दीडशेच्या आत मिळत होता.

बायकोने हिशेब मांडला. ‘‘म्हणजे गाडीचे दीडशे, आणि बाकीचे सहाशे उडवायचे?’’

‘‘उडवायला नाही, उडायला.’’

‘‘एकच आहे.’’

शिवाय दोन्हीकडे चालणारं यंत्र म्हणजे सोफा-कम-बेड. पाहुणे येतात तेव्हा त्याचा पलंग झालेला असतो आणि झोप येते तेव्हा त्यावर पाहुणे बसलेले असतात. यात कारागिराचा दोष नाही. दोन्ही कामांची श्रद्धाच वेगळी. गाडीच्या जीपीएसची श्रद्धा अशी की माणूस रस्ता सोडून कुठे जाणार? उपग्रहाने तुम्हाला दहा-पंधरा मीटर बाजूला, कुणाच्या अंगणात दाखवलं तरी तो तुम्हाला उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवतो. विमानाच्या जीपीएसच्या लेखी रस्ते नाहीतच. इथून तिथे एक सरळ रेघ. मधे डोंगर आला तर लाल रंग दाखवीन, पुढचं तुमचं तुम्ही बघा. एकाचे मैल, दुसऱ्याचे सागरी मैल. आणि रस्त्यांचा नकाशा दोन वर्षं जुना असला तरी मेथी मिळते. विमानाच्या नकाशातली माहिती दर २८ दिवसांनी बदलते. अमावास्यासुद्धा इतक्या लवकर येत नाही, आणि आली तर पैसे मागत नाही.

हे सगळं मला पुस्तकी वाटत होतं. म्हणून एका मित्राचा गाडीतला जीपीएस मागून आणला आणि इन्स्ट्रक्टर शेजारी असताना विमानाच्या काचेला चिकटवला. प्रिन्स्टनचा विमानतळ रूट २०६ ला लागूनच आहे. चाकं धावपट्टीवरून सुटली आणि त्या बाईने (आवाज बाईचा होता) आम्हाला अलगद उचलून २०६ वर नेऊन ठेवलं. आधी वेगाचा आकडा लाल झाला. मग ती म्हणाली, शक्य होईल तेव्हा यू-टर्न घ्या. आम्ही दीड हजार फुटांवर पोहोचलो तरी तिच्या मते आम्ही एका पेट्रोल पंपासमोर होतो. पूर्वेला वळलो तेव्हा मात्र तिचा तोल सुटला. उजवीकडे वळा. नवा मार्ग शोधत आहे. उजवीकडे वळा. नवा मार्ग शोधत आहे. खालून जाणाऱ्या प्रत्येक गल्लीला एकेकदा. आमचा इन्स्ट्रक्टर साठीचा, विनाकारण न हसणारा माणूस. त्याने खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाला, ‘‘बरोबर सांगतेय ती. तिथे जगहँडल आहे.’’

उतरल्यावर त्याने होकायंत्राकडे बोट केलं. मी तो डबा नेमका त्याच्या शेजारी चिकटवला होता आणि डब्याच्या स्पीकरमधल्या चुंबकाने सुई भलतीकडे ओढून धरली होती. विमानात वीज आणि इंजिन दोन्ही गेली तरी दिशा दाखवणारं ते एकच उपकरण, आणि त्याला मी दिशा दाखवायला यंत्र आणून वेडं केलं होतं. मग त्याने चार्जर मागून घेतला, चष्मा वर करून त्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि विचारलं, ‘‘हा दुसऱ्या विमानात लावलास का?’’ नव्हता लावला. जुन्या सेसनात चौदा व्होल्टचा कारभार असतो, साधारण १९७८ नंतरच्यांत अठ्ठावीसचा. सिगारेट लायटरचं भोक मात्र दोन्हीकडे तेच. गाडीचा बारा व्होल्टवाला चार्जर अठ्ठावीसच्या भोकात खुपसला तर आधी वास येतो आणि मग मित्र जातो.

याच सुमारास आयपॅड आला आणि ऑफिसात ज्यांनी कधी विमानाची खिडकीसुद्धा मागून घेतली नव्हती तेही मला ‘तोच घे’ म्हणून सांगायला लागले. सल्ला वाईट नव्हता. वर्षाला पंचाहत्तर डॉलर भरले की फोरफ्लाइट नावाच्या ॲपवर देशभरचे नकाशे त्यावर येत होते. गोम एवढीच की चारशे नव्याण्णववाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नव्हताच. तो फक्त सहाशे एकोणतीसच्या थ्रीजीवाल्यात. म्हणजे स्वस्तातला घेतला तर सगळा देश दिसणार, आपण त्यात कुठे आहोत तेवढं सोडून. शिवाय उन्हात ठेवला की तो तापायचा आणि थंड होईपर्यंत काम बंद ठेवायचा. ही सवलत सेसनात फक्त प्रवाशांना असते.

शेवटी विमानतळावरच्या कॉफी मशिनशेजारी, नोटीस बोर्डावर, एका निवृत्त वैमानिकाची हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली. गार्मिन २९६, २००४ चं मॉडेल, दांड्याला अडकवायचा क्लॅम्प आणि अकरापासून पस्तीस व्होल्टपर्यंत काहीही पचवणारी वायर धरून साडेचारशे डॉलर. गृहस्थांनी नवा टचस्क्रीन घेतला होता आणि जुन्याला चांगलं घर बघत होते. ‘‘रस्ते आहेत का यात?’’ मी विचारलं. ‘‘आहेत,’’ ते म्हणाले, ‘‘पण ते तेव्हाचे.’’ मी चारशे वीसला घेतला आणि येताना दुकानातून बायकोच्या गाडीला शंभरातला वेगळा आणला. एकात दोन आणायला गेलेला माणूस दोन आणून आला, आणि तरी एकापेक्षा स्वस्तात, हे मी तिला कागदावर काढून दाखवलं. तिने कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. जास्त वेळ माझ्याकडेच.

सराव झाल्यावर आप्पांना घेऊन हडसनवर गेलो. न्यूयॉर्कला खेटून, नदीच्या वर, तेराशे फुटांच्या खाली एक पट्टा आहे. त्यातून लहान विमानांना मोठ्या विमानतळांची परवानगी न घेता जाता येतं. ऑगस्ट २००९ मध्ये तिथे एक विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळलं, आणि नोव्हेंबरपासून नियम कडक झाले. उत्तरेला जाणाऱ्याने मॅनहॅटनचा काठ धरायचा, दक्षिणेला येणाऱ्याने जर्सीचा, म्हणजे ज्याने त्याने आपली उजवी बाजू. वेग एकशे चाळीस नॉटच्या (म्हणजे ताशी सागरी मैलांच्या) आत, दिवे चालू, ठरावीक जागी रेडिओवर आपलं ठिकाण सांगायचं, आणि चालू आवृत्तीचा नकाशा विमानात हवाच. अख्ख्या आकाशात मला माहीत असलेला हा एवढाच रस्ता, लेनसकट. आणि नेमका तिथे माझा डबा विमानाच्या मोडमध्ये, नदी कुठे वळते याची पर्वा न करता एक सरळ रेघ दाखवत होता. त्याच्याकडे बघायला मला सवडही नव्हती.

नकाशा आप्पांच्या मांडीवर होता. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला. वेरॅझानो पूल, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, कोलगेटचं घड्याळ, इंट्रेपिड जहाज, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, अल्पाइन टॉवर.

‘‘म्हणजे हे थांबे,’’ हेडसेटमधून त्यांचा आवाज आला.

‘‘थांबायचं नसतं आप्पा. फक्त रेडिओवर सांगायचं.’’

‘‘विनाथांबा गाडीचीसुद्धा नोंद होते.’’

त्यांनी माझं ते महागातलं मांडीचं पॅड सोडवून घेतलं आणि रकाने आखले: थांबा, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. ठरलेल्या वेळा माझ्या कागदावरून उतरवल्या. मग दर ठिकाणी मी रेडिओवर बोललो की ते मनगटावरचं घड्याळ बघायचे, लिहायचे, आणि खिडकीतून मॅनहॅटनकडे एक नजर टाकून पुन्हा नकाशात शिरायचे. एम्पायर स्टेट बिल्डिंगला त्यांनी फार वेळ दिला नाही. तो थांबा नव्हता.

जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर त्यांनी मान हलवली. ‘‘तीन मिनिटं लेट, जावईबापू. कारण?’’

‘‘समोरून वारा आहे.’’

‘‘वारा म्हटलं तर वर कोणी ऐकून घेत नाही,’’ आप्पा म्हणाले, आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात त्यांनी लिहिलं: टायर पंक्चर.