आधी प्रकल्पबाधित, मग पूरबाधित

महामार्गाच्या कामाला लागून तुमचं घर असेल तर आधी अभिनंदन. गावात रस्ता यावा म्हणून तुमच्या आजोबांनी अर्ज केले, वडिलांनी श्रमदान केलं. तुम्हाला काहीच न करता चार पदर मिळाले. पावसाळ्यात त्या चार पदरांवरचं पाणीही मिळतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

माझा अनुभव मुंबई–गोवा महामार्गाचा. २०११ साली पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्यापासून त्याचं चौपदरीकरण सुरू झालं. तेव्हा आमच्या वाडीतली जी पोरं अंगणवाडीत होती, त्यांना आता मिसरूड फुटली आहे आणि गणपतीला येताना तीही आपल्या बापासारखंच विचारतात, ‘यंदा होईल ना रस्ता?’ इतके पावसाळे एका कामाच्या शेजारी काढल्यावर माणसाला दोन गोष्टी कळतात. त्या तुमच्या उपयोगी पडाव्यात, एवढाच हेतू.

सुरुवात चैत्र-वैशाखात होते. डोंगराला जेसीबी लागतो, लाल माती निघते, आणि ती टाकायला सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे घरामागचा पऱ्या, आमचा पावसाळी ओढा. तुम्ही धावत जाऊन ‘अहो, इथून पाणी येतं’ असं सांगाल. सांगू नका. एप्रिलमध्ये कोरडा असतो तो पऱ्या नव्हे, ती ‘उपलब्ध जागा’.

आमच्या आबांनी ती चूक केली. धोतराचा सोगा सावरत भरावावर चढले आणि काठीने दाखवायला लागले. पाणी हितनं येतं, त्या फणसाला वळसा घालतं, रस्त्याखालच्या मोरीतनं पलीकडच्या मळ्यात उतरतं. साइटवरचा साहेब तरुण होता, चांगल्या घरातला मुलगा. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि प्रेमाने म्हणाला, ‘आजोबा, काळजी करू नका. पाणी आपली वाट शोधतंच.’

हे वाक्य पाठ करा. नाहीतर पूर्वीची पद्धत फार किचकट होती. मोरीच्या माथ्यावर डोंगर-उताराचं क्षेत्र किती, त्यावर तासाला पाऊस किती पडतो आणि त्यातला किती हिस्सा न मुरता वाहून येतो, या तिघांचा गुणाकार करायचा आणि त्यावरून मोरीचं तोंड किती मोठं ठेवायचं ते ठरवायचं. म्हणजे डोंगर चढून बघणं आलं, पावसाच्या जुन्या नोंदी काढणं आलं, आबांसारख्यांना विचारणं आलं. शिवाय डोंगर कापला, झाडं गेली, की न मुरणारं पाणी वाढतं, म्हणजे जुना हिशेबही चालत नाही, नवा करायचा. त्यापेक्षा वाट शोधायचं काम पाण्यावर सोपवलेलं बरं. पाण्याला पगार नाही, भत्ता नाही, आणि ते शनिवार-रविवारीही काम करतं.

आता थोडं गणित, कारण तुम्हाला रात्री झोप लागणार नाही तेव्हा मनाला काहीतरी चाळा हवा. आमच्या मोरीच्या माथ्यावर शंभरेक एकर उतार आहे, म्हणजे ४० हेक्टर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर ४ कोटी लिटर पाणी पडतं. अर्धं मुरलं असं उदारपणे धरा. उरलं २ कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर. मे महिन्यात याच वाडीत एका टँकरसाठी हंडे रांगेत लावून बायका भांडतात. जुलैत दोन हजार टँकर एका दिवसात, न मागता, परसदारी. आणि लोक म्हणतात शासन काही देत नाही.

हे दोन हजार टँकर जायला नकाशात १,२०० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप होता असं म्हणतात. प्रत्यक्षात ६०० चे दोन बसले. बाराशे भागिले दोन सहाशे, हिशेब चोख. फक्त पाण्याला शाळेतली वजाबाकी-भागाकार येत नाही. व्यास अर्धा झाला की पाइपाचं तोंड चौथ्या हिश्श्यावर येतं, वर आतल्या घर्षणाने वेगही उतरतो. तेवढ्याच उतारावर पूर्ण भरून वाहणारा सहाशेचा पाइप बाराशेच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकं पाणी नेतो. दोन मिळून तिसरा हिस्साही नाही. त्यातल्या एकाच्या तोंडाशी शटरिंगच्या फळ्या राहिल्या होत्या, ते सोडून देऊ. उगाच किती खोलात जायचं.

मे सरता सरता ‘पावसाळापूर्व पाहणी’ असते. तीन गाड्या येतात. मधल्या गाडीची काच अर्धी खाली होते. कोकम सरबत तयार ठेवा, पण भिंतीवरची गेल्या वर्षीची पाण्याची खूण दाखवू नका. खूण दाखवणारा माणूस विकासविरोधी समजला जातो. चुना काढून ठेवलेला उत्तम. काही हौशी लोक खुणेशेजारी कोळशाने साल लिहून ठेवतात, २०१९, २०२१, वगैरे. पोरांची उंची मोजायला ठीक आहे, पाहणीच्या दिवशी तिथे कॅलेंडर टांगा. पाहणीत नेहमी आढळतं की काम प्रगतिपथावर आहे, मोऱ्यांची तोंडं मोकळी करण्याच्या सूचना दिलेल्या आहेत. कोणाला, ते विचारणं शिष्टाचारात बसत नाही.

मग मृग लागतो.

पहिल्या चार सरी छान जातात. माती वास देते, बेडूक ओरडतात, भरावावर हिरवं काहीतरी उगवतं आणि ठेकेदाराचा माणूस त्याचे फोटो काढतो. मग एका रात्री धो धो लागतो, आणि पहाटे चार वाजता तुम्हाला चुलीपाशी भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येतो. मांजर असेल म्हणून कूस बदलू नका. पाय खाली सोडा. गार लागलं की समजा, पाण्याने वाट शोधली.

आमच्याकडे ती मागच्या दाराने आली, माजघरातून ओटीवर गेली आणि खळ्यात उतरली. अगदी वळणाची, पाहुण्यासारखी वाट. भरावापलीकडे डोंगराच्या बाजूला छातीइतकं तळं आणि रस्त्याच्या खालच्या बाजूला मळा कोरडा, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आमच्या तालुक्याला धरण मंजूर झालं तरी कधी? धरणाला निदान सांडवा असतो. इथे सांडवा म्हणजे आमचं माजघर.

याच वेळी पूर व्यवस्थापन सुरू होतं, ते नीट समजून घ्या. व्यवस्थापन म्हणजे रस्त्यावरचं पाणी उचलून दुसरीकडे ठेवणं. डिझेल पंप येतो, त्याची नळी रस्त्यावर टाकतात आणि तोंड तुमच्या खाचरात सोडतात. आदल्या आठवड्यात तुम्ही तिथे लावणी केलेली असते. तुम्ही ओरडता. पंपवाला म्हणतो, ‘दादा, मला रस्ता मोकळा करायची ऑर्डर आहे.’ त्याचं बरोबरच आहे, तुमचा उल्लेख ऑर्डरीत नाही. वाळूच्या पोत्यांचंही तसंच. ती वाळूची नसतात, त्याच भरावाच्या मातीने भरतात. दुपारपर्यंत माती विरघळून जाते आणि नुसती पोती उरतात. ती वाळवून ठेवा, भात भरायला होतात, भात झालं तर.

आजूबाजूला बघायला गेलं तर आपण एकटे नाही, याचं समाधान मोठं असतं. याच महामार्गावरचा चिपळूणजवळचा परशुराम घाट २०२२ साली कामासाठी उन्हाळ्यात रोज काही तास बंद असायचा आणि पावसाळ्यात दरडीसाठी बंद राहिला, म्हणजे घाटाने दोन्ही ऋतूंना समान न्याय दिला. खेडजवळच्या नदीची इशारा पातळी ५ मीटर, धोक्याची ७ मीटर, आणि नाव जगबुडी. ज्या नदीचं नावच आपल्या पूर्वजांनी जगबुडी ठेवलं, तिच्या काठी कोणत्या रेषेपर्यंत पाणी येईल हे विचारायला सल्लागार नेमावा लागतो, यातच प्रगती आहे. राजापूरच्या जवाहर चौकाला तर अर्जुना आणि कोदवली या नद्यांचं पाणी इतकं ओळखीचं, की व्यापारी माल वरच्या फळीवर ठेवूनच दुकान लावतात. कोणी त्यांना ‘आपत्ती व्यवस्थापन’ शिकवायला जाऊ नये, लाजायची वेळ येईल.

चिपळूणकरांसमोर मात्र यातलं काही बोलू नका. २२ जुलै २०२१ ची महापुराची तारीख ज्यांनी माळ्यावर बसून काढली त्यांच्यापुढे विनोद चालत नाही, आणि माझाही इथे चालत नाही. पुढे वाशिष्ठी नदीतला गाळ उपसायला सुरुवात झाली, ती आधी का झाली नव्हती हे तिथला शेंबडा पोरही सांगेल. सावित्री नदीचंही तसंच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल गेला, माणसं गेली, आणि नवा पूल पुढच्या वर्षी जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे एका वर्षाच्या आत पूल होतो. ही माहिती जपून वापरा, कोणाच्या तरी मनाला लागेल.

राग आला तर काय करावं? २०१९ च्या जुलैत कणकवलीत एका अभियंत्यावर चिखलाच्या बादल्या ओतल्या गेल्या. पोलीस केस झाली, सगळ्या वाहिन्यांवर दाखवलं. तुम्ही तसलं काही करू नका. एक तर तो गुन्हा आहे. दुसरं म्हणजे साइटवर भेटतो तो माणूस बहुधा त्या कागदावर सही करणारा नसतो. सही करणारे बसतात तिथवर चिखलाची बादली नेली तर लिफ्टमध्येच अडवतात.

त्यापेक्षा अर्ज करा. इथेच तुमची खरी परीक्षा आहे.

तहसीलला गेलात तर पहिला प्रश्न, अतिवृष्टी झाली का? तुम्हाला वाटेल, घरातून मासे काढले, अजून काय व्हायचं? तसं नसतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो, तोही सरकारी पर्जन्यमापकात. आता ६५ मिलिमीटर म्हणजे कोकणात म्हशी धुवायला पुरेल एवढा, ते होतंच. तेव्हा दुसरा प्रश्न येतो, पाणी घरात किती वेळ होतं? २०१९ च्या ऑगस्टमधल्या एका शासन निर्णयात पूरग्रस्तांना १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मिळण्यासाठी घर किमान दोन दिवस पाण्यात असावं अशी अट छापली होती. त्यावर बरीच ओरड झाली. पण अटीमागचा विचार बघा, पाण्याचीही हजेरी नको का? आमच्याकडचं पाणी बेशिस्त. पहाटे चारला येतं, पाऊस ओसरला की दुपारी निघून जातं. अर्ध्या दिवसाच्या पाण्याला कोण विचारतो! तलाठी भाऊसाहेब येईपर्यंत घरात फक्त लाल चिखल, आणि चिखलाचा रकाना पंचनाम्यात वेगळा.

शिवाय भाऊसाहेब हुशार असतात. ते भरावाकडे बघतात, मोरीकडे बघतात आणि म्हणतात, ‘हे नैसर्गिक नाही, हे महामार्गाचं पाणी आहे. तिकडे अर्ज करा.’ तुम्ही तिकडे जाता. तिकडचे साहेब आकाशाकडे बघतात आणि म्हणतात, ‘एवढा पाऊस आम्ही पाडला का? ही नैसर्गिक आपत्ती आहे. तहसीलला जा.’ दोन्ही कार्यालयांच्या मध्ये सोळा किलोमीटर महामार्ग आहे, तोच. तिसऱ्या फेरीला आमच्या आबांनी अर्जाच्या डोक्यावर लिहिलं, ‘विषय : आधी प्रकल्पबाधित, मग पूरबाधित.’ कारकुनाने वाचलं, हसला, आणि म्हणाला, ‘आजोबा, एकच टाका. सिस्टिम दोन घेत नाही.’

एक फायदा सांगायचा राहिला. दुसऱ्या पुरात ‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हा फलक तरंगत आमच्या खळ्यात आला. पत्रा चांगल्या जातीचा, आठ बाय चार. गोठ्याच्या छपराला बसला आहे, म्हशीला गळत नाही. इतक्या वर्षांत प्रकल्पाकडून आम्हाला थेट मिळालेली ही एकमेव वस्तू, आणि ती आणून देण्याचं कामही पाण्यानेच केलं. तुमच्या वाडीत दोन फलक असतील तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला दोर बांधून ठेवा.

आणि शेवटची सूचना, ही जरा कानात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते सहाशेचे पाइप बदलायचे म्हणून भराव उकरला. आठेक फुटांवर जेसीबीचा दात दगडावर वाजला. खाली जुनी मोरी होती, घडीव दगडांची, कमानीची, म्हैस मान न वाकवता जाईल एवढी. आम्ही लहानपणी तिच्यातून ओरडून आवाज घुमवायचो. गेल्या वेळी तिच्यावर माती टाकली तेव्हा ती मोडायचीही कोणी तसदी घेतली नव्हती. साहेब खाली उतरले, आत टॉर्च मारला, ‘काय काम आहे!’ असं मनापासून म्हणाले, आणि चार फोटो काढले. आबा काठावर उभे होते, काही बोलले नाहीत. मग कोणीतरी नकाशा उघडला. नवीन लेव्हलशी मोरी जुळत नव्हती. जेवणाच्या सुट्टीनंतर डंपर आला.

तर तुमच्या भरावाखाली अशी मोरी असेल आणि तुम्हाला ती आठवत असेल, तर पाहणीत, ग्रामसभेत, फेसबुकवर, कुठेही बोलू नका. नागपंचमीच्या सुमारास चार भाऊबंद, दोन पहारी आणि एक कंदील घेऊन रात्री जा, तोंडाशी दोन हात माती काढा आणि गप घरी येऊन झोपा. सकाळी गाडीची काच अर्धी खाली होईल आणि कोणी विचारेल की एवढं पाणी रातोरात गेलं कुठून, तर साहेबांचंच वाक्य त्यांना परत करा.