बायकोले सांगू नका

आमच्या सेतूवर सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य म्हणजे "घरी सांगू नका बरं भाऊ". सातबारा काढायला आलेला माणूस त्याच्यातल्या 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा बोजा किती चढला ते बोट ठेवून वाचते, कागदाच्या चार घड्या करून खिशात कोंबते अन् जाताजाता हे म्हणते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात बसतो मी, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अन् खालच्या गोष्टीतही थोडं इकडचं तिकडं केलं आहे, उगाच कोणाच्या घरी भांडण नको.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की घरच्यापासून लपवलेलं कर्ज महागच पडते. नीतीच्या गोष्टी सांगत नाही, साधा हिशोब आहे.

पहा ना, सोसायटीचं नाहीतर बँकेचं पीककर्ज, तीन लाखापर्यंतचं, मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्य. याच्यापेक्षा स्वस्त पैसा कोण देते? पण त्याला सातबारा लागते, आठ-अ लागते, दुसरीकडं बाकी नाही असा नो ड्यूजचा दाखला लागते, कधी जामीनदार लागते, म्हणजे चार लोकांना कळते अन् घरीही कळतेच. आता ज्याला घरी कळूच द्यायचं नाही तो जाईल कुठं? जिथं कोणी काही विचारत नाही तिथं. अन् न विचारणारा शेकडा पाच घेते. महिन्याला बरं का, वर्षाला नाही. 50 हजारावर महिन्याचे अडीच हजार, वर्षाचे 30 हजार, अन् मुद्दल जिथल्या तिथं. राज्याचा सावकारी नियमनाचा कायदा 2014 चा आहे, त्याखाली शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के अन् बिनतारण 12 टक्के असे दर ठरवून दिले आहेत, परवाना असलेल्या सावकारासाठी. अन् आपला गावातला विनापरवाना माणूस घेते 60 टक्के. या 12 अन् 60 मधला फरक आहे ना, तो बायकोला न सांगण्याचा भाव समजा.

मार्चमध्ये तर पाहूच नका. कर्ज नवं-जुनं करायचं असते, म्हणजे जुनं भरून नवं उचलायचं, म्हणून लोक आठ-दहा दिवसाच्या बोलीवर सावकाराकडून उचलतात अन् बँकेत भरतात, मग साहेब सुट्टीवर, मग सर्व्हर डाऊन, मग अजून एक कागद, नवीन कर्ज खात्यात पडेपर्यंत कधी मे उजाडते अन् इकडं मीटर चालूच. पैसे आले की त्यातले कितीक सावकारालाच जातात अन् बियाणं-खत पुन्हा कृषी केंद्रातून उधार, उधारीचा भाव वेगळा अन् नगदीचा वेगळा हे काही मी सांगायला नको. घरी बाईला वाटते बँकेचे पैसे आले, पेरणीचं भागलं.

अन् नुकसान नुसतं व्याजाचंच नाही. 2021-22 ला कापूस दहा हजाराच्या वर गेला होता आठवते? पुढच्या साली त्याच आशेनं सगळ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. आमच्या ओळीतल्या एका घरी पुढच्या खोलीत छताला टेकेस्तोवर कापूस, पोट्टे त्याच्याच बाजूला झोपत, अंगभर पुरळ, रात्रभर खाजवत. बाई म्हणे विकून टाका आता, नवरा म्हणे थांब, भाव येईल. भाव काही आला नाही. आता त्या बाईला जर माहीत असतं की याच कापसाच्या भरवशावर 5 टक्क्याचे पैसे उचलले आहेत, तर तिनं एक दिवस थांबू दिलं असतं का? तिला अर्धीच माहिती होती, म्हणून तिचा सल्ला याला कटकट वाटला.

बरं, लपवते फक्त पुरुषच असंही नाही, बायांनी लगेच लाईक ठोकू नका. लाडकी बहिणीच्या ई-केवायसीला नवऱ्याच्या आधारचा ओटीपी लागत होता, तेव्हा एक वहिनी नवऱ्याचा मोबाईल घेऊन आल्या. ओटीपी शोधतो तर वरून खालपर्यंत हप्त्याचे मेसेज, हप्ता बाऊन्स, दंड लागला, खात्यात पैसे ठेवा, वेगवेगळ्या ॲपचे. वहिनी म्हणाल्या, "हे काय हाये भाऊ? यायच्या मोबाईलवर सारखंच टुंग टुंग वाजते, इंग्लिशमधी येते म्हून मले समजत नाही." मी म्हटलं, "हप्त्याचे मेसेज आहेत वहिनी, कशाचे ते दादालेच विचारा." बाई गपच झाल्या. मग म्हणतात, "यायनंबी काढलं काय?" अन् पिशवीतून दोन गटाचे हप्त्याचे कार्ड काढून टेबलावर ठेवले, बायांचा गट करून मायक्रोफायनान्सवाले कर्ज देतात ना, त्याचे. एक कर्ज पोरीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचं, दुसरं पहिल्याचे हप्ते भरायला. नवऱ्याला सांगितलेलं की पैसे माहेराहून आणले. इकडं नवरा सासूच्या उपकाराखाली, म्हणून तिच्याजवळ पैसे मागायची सोय नाही, म्हणून त्यानं ॲपवरून काढले. घ्या!

मजा अशी की रिझर्व्ह बँकेच्या हिशोबात नवरा, बायको अन् लग्न न झालेले लेकरं मिळून एकच घर असते. 1 एप्रिल 2022 पासूनचा नियम आहे, वर्षाचं उत्पन्न तीन लाखाच्या आतल्या घराला हे गटाचं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या अर्ध्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे दिल्ली-मुंबईतल्या साहेबांनी यांचं घर एक धरलं, अन् घरात दोघांचे दोन गुपचूप संसार! वसुलीवाल्यांनी सकाळी 9 च्या आत अन् संध्याकाळी 6 नंतर तगादा लावायचा नाही हेही त्यातच आहे, पण ज्याला घरात कळू द्यायचं नाही तो तक्रार तरी कशी करेल, उलट तोच म्हणते रस्त्यावर भेटा, घरी नका येऊ.

नंतर ते दोघंही आले, दुकान बंद व्हायच्या टायमाला. खराब झालेल्या झेरॉक्सच्या मागं लिहायला बसलो. दादा एक आकडा सांगे, वहिनी विचारे "एवढंच ना?" अन् दादा खाली पाहून म्हणे "अजून एक हाये". असं कितीतरी वेळ चाललं. बेरीज पावणेतीन लाखाच्या पुढं गेली. मला वाटलं आता रडारड होईल, पण वहिनीनं पहिला प्रश्न विचारला तो "यातलं सगळ्यात महाग कोणतं?" सावकाराचं. मग त्यांनी स्वतःच गळ्यातली पोत बँकेत ठेवायचं काढलं, सोनेतारण केलं अन् सावकाराचं खातं बंद. सोनेतारणाचं व्याज सावकाराच्या पासंगालाही पुरत नाही. पण बायकोच्या गळ्यातलं सोनं तिला न सांगता तारण कसं ठेवाल? म्हणजे जो स्वस्त रस्ता घरातच होता तो लपवालपवीनं बंद होता.

"तिले टेन्शन नको म्हून सांगतलं नाही", हे मला पटत नाही. तिला टेन्शन येतेच, फक्त तेरवीला येते. वाईट वाटेल, पण आमच्या भागात हे पाहिलेलं आहे, नवऱ्यानं जीव दिला, मांडव निघायच्या आधीच लोक उधारीच्या चिठ्ठ्या घेऊन दारात, अन् त्या बाईला एकाचंही नाव माहीत नाही. कोण खरं बोलते कोण खोटं, कसं ठरवणार तिनं? ज्या कर्जावर तिची सही नाही, जामीन नाही, ते तिच्या स्वतःच्या मिळकतीतून फेडायला ती बांधलेली नाही, नवऱ्याच्या मागं जे राहिलं त्याच्यापुरतंच देणं लागते, हे तिला तेव्हा कोणी सांगत नाही. अन् आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना मिळणारी सरकारची एक लाखाची मदत ठरवताना कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवान्याच्या सावकाराचं पाहिजे, गुपचूप घेतलेलं तोंडी कर्ज फाईलमध्ये कुठंच दिसत नाही. ज्याच्या डोक्यात तसले विचार येत असतील त्यानं घरी बोलायची हिंमत नसेल तर 14416 वर बोलावं, टेलि-मानसचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

अन् ज्यांनी जमिनीचं खरेदीखत करून देऊन पैसे उचलले आहेत, त्यांनी तर आजच सांगावं घरी. विनापरवाना सावकारानं अशी लाटलेली जमीन 2014 च्या कायद्यात परत मिळू शकते, जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करावा लागते, पण चिठ्ठ्या, साक्षीदार, कोणासमोर पैसे दिले हे सगळं घरातल्या माणसाशिवाय जमत नाही.

काही भाऊ कमेंटमध्ये म्हणतील, सांगितलं की बाई माहेरी जाते. जाते एखादी. मी पाहिलेल्या बहुतेक दोन दिवस बोलत नाहीत अन् तिसऱ्या दिवशी वही मागतात.

कोणावर किती कर्ज याची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. बँक, गट, रजिस्टर ॲप, सगळं त्यात येते, सावकार अन् कृषी केंद्र तेवढं तोंडानं सांगावं लागते. माझ्याकडं या, दोघंही या, दोघांचेही मोबाईल आणा, मी प्रिंटचे तेवढे पैसे घेतो. फक्त बाजाराच्या दिवशी येऊ नका, लाईन असते अन् मागचा माणूस मान लांब करून वाचते.