मास्क रुग्णाच्याच हातात असतो

पावसाळा लागला की आमच्या कॅज्युअल्टीत मनगटं यायला लागतात. शेवाळलेल्या अंगणात पाय सटकतो, माणूस पडता पडता हात टेकतो आणि हाड मोडतं. परवा कोथरूडच्या एक काकू अशाच आल्या. मोडलेला हात ओढणीच्या झोळीत, ओठ घट्ट दाबलेले. मी वेदना कमी करणाऱ्या गॅसचा मास्क पुढे केला, तर त्यांच्या मुलाने मला थांबवलं आणि मोबाइल समोर धरला. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता. त्यात लिहिलं होतं, थोडक्यात असं: कॅज्युअल्टीत गॅसचा मास्क लावू देऊ नका, त्याने माणूस बेशुद्ध होतो, किडन्या निकामी होतात, सवय लागते, शिवाय दुखणं दबलं की डॉक्टरांचं निदान चुकतं, तेव्हा मोठे डॉक्टर येईपर्यंत सहन करा.

मुलगा आईच्या काळजीपोटीच अडवत होता. पण त्याची समजूत पटेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि ती काकूंनी कण्हत काढली. मी भूलतज्ज्ञ आहे. त्या वीस मिनिटांचा मला राग आहे, म्हणून हे लिहितो आहे.

बेशुद्ध होण्याची भीती आधी घेतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे मास्क म्हटलं की ‘भूल दिली’ असंच डोक्यात येतं. या सिलिंडरमध्ये अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन असतो. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, इथे ५०. नायट्रस ऑक्साइड भूल म्हणून इतका कमजोर आहे की एकट्या त्याच्यावर मोठं ऑपरेशन करता येत नाही. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४५ मध्ये बोस्टनला या वायूचा जाहीर प्रयोग केला, तेव्हा दात काढताना रुग्ण ओरडला होता. भूल म्हणून जो वायू अपुरा पडतो, तोच वेदना बोथट करायला मात्र उत्तम चालतो. ब्रिटनमध्ये मायकेल टन्स्टॉल यांनी १९६१ मध्ये हे अर्धं-अर्धं मिश्रण एकाच सिलिंडरमध्ये आणलं ते बाळंतपणाच्या कळांसाठी, आणि तिथल्या लेबर रूममध्ये ते आजही रोज वापरतात.

त्यातही मास्क आम्ही बांधत नाही. रुग्णाने स्वतः धरायचा. श्वास आत ओढला की झडप टक् करून उघडते, सोडला की मिटते. गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली येतो, मास्क सुटतो, आणि दोन-चार मिनिटांत माणूस पूर्ववत होतो. सगळी सुरक्षितता या हातात आहे. म्हणून नातेवाइकांना माझं एकच कळकळीचं सांगणं असतं: मदत म्हणून तुम्ही मास्क धरू नका. काकूंचा मुलगा राजी झाला आणि लगेच प्रेमाने आईच्या तोंडावर मास्क दाबायला लागला. मला त्याचा हात बाजूला करावा लागला. काकू मात्र शेवटपर्यंत बोलत होत्या. हाड बसवताना म्हणाल्या, ‘‘दुखतंय हो, पण लांब कुठेतरी दुखतंय.’’

किडनीचा मुद्दा निराधार नाही, पण तो दुसऱ्याच औषधाचा आहे. मेथॉक्सीफ्लुरेन नावाची भूल १९६० च्या दशकात तासन्‌तास द्यायचे. १९६६ मध्ये तिच्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचं नोंदवलं गेलं आणि भूल म्हणून ती मागे पडली. तेच औषध ऑस्ट्रेलियात अगदी कमी मात्रेत, हातात धरायच्या हिरव्या नळीतून, रुग्णवाहिकांमध्ये १९७० च्या दशकापासून देतात. एका नळीत फक्त ३ मिलिलिटर, दिवसाला कमाल ६. आठ-दहा श्वासांत आराम पडतो. ब्रिटनने २०१५ मध्ये त्याला अपघातातल्या वेदनेसाठी परवानगी दिली. ज्याची किडनी आधीच कमजोर आहे त्याला ते देत नाहीत. काकूंच्या हातातल्या मास्कशी याचा काही संबंध नव्हता.

सवयीचं म्हणाल, तर दोन्ही औषधं अफूच्या वर्गातली नाहीत. मॉर्फिनसारखा श्वास मंदावण्याचा धोका त्यांत नगण्य आहे. नायट्रस ऑक्साइड नशेसाठी महिनोन्‌महिने हुंगणारे लोक आहेत, हे खरं. हा वायू शरीरातलं बी१२ जीवनसत्त्व निष्क्रिय करतो आणि त्यातून मज्जातंतूंची कायमची हानी होऊ शकते. ब्रिटनने २०२३ मध्ये नशेसाठी तो बाळगणं गुन्हा ठरवला, त्यामागे हेही एक कारण होतं. पण ते पंधरा मिनिटांच्या मास्कला लागू होत नाही. पुण्यात मात्र एक गोष्ट बघायला हवी. इथे बी१२ ची कमतरता घरोघरी आढळते, शाकाहारी घरांत विशेष. ती रक्ततपासणीत निघालेली असेल, तर मास्क घेण्याआधी सांगा.

‘दुखणं दबलं की निदान चुकतं’ हे तर शंभर वर्षांपूर्वीचं मत आहे. त्या काळी पोटदुखीत सर्जन हात लावून तपासेपर्यंत वेदनाशामक देऊ नये, असं पाठ्यपुस्तकांतच लिहिलेलं असे. तेव्हा स्कॅन नव्हते, बोटांवरच सगळी भिस्त, त्यामुळे त्यांची काळजी समजते. पुढे पोटदुखीच्या रुग्णांना मॉर्फिनच्या जातीची औषधं देऊन हे तपासलं गेलं. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने ते अभ्यास एकत्र पडताळले, तेव्हा निदान चुकण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आणि मोडलेलं मनगट एक्स-रेवर दिसतं, किंकाळीवर नाही. उलट वेदनेने आखडलेला हात एक्स-रेसाठी नीट ठेवताच येत नाही. शीर शोधून सुई लावेपर्यंत, कपाटातलं मॉर्फिन नोंद करून काढेपर्यंत जो वेळ जातो, त्यात हा मास्क कामाला लागतो.

आता तुम्ही अडवायलाच हवं, अशा वेळा. छातीला मार बसून फुफ्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका असेल, तर हा वायू त्या पोकळीत शिरून ती फुगवतो. आतड्याला अडथळा असेल, डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत नुकताच वायू भरलेला असेल, डोक्याला मार लागून माणूस गोंधळलेला असेल, तर तो द्यायचा नाही. घाईत एखादी गोष्ट विचारायची आमच्याकडून राहू शकते, म्हणून तुम्ही आपणहून बोला. यातलं काहीच नसेल, तर आईच्या हातात मास्क जाऊ द्या.