अमर व्हायचंय? आधी जागा सोडा

मुंबईत कुणाला ‘जागा सोडा’ म्हणणं हे पाप आहे, ठाऊक आहे मला. लोकलमधली चौथी सीट असो की पागडीची खोली, इथला माणूस एक वेळ जीव सोडेल. तरीही तुमच्या भल्यासाठी सांगतो, मागे नाव राहावं असं वाटत असेल तर बूड हलवा. विश्वास नसेल तर भायखळ्याला उतरा, राणीच्या बागेकडे चालू लागा आणि दोन अनुभवी मंडळींना भेटा.

पहिला हत्ती. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, दगडी. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीज बेटावर उतरले तेव्हा त्यांना हा दिसला आणि अख्ख्या बेटाला त्यांनी हत्तीचं नाव ठोकून दिलं. वर लेण्यात भलीमोठी त्रिमूर्ती डोळे मिटून बसली होती, तिचा विचारसुद्धा झाला नाही. तेव्हा कर्तबगारी डोंगरात कोरत बसू नका, धक्क्याजवळ उभे राहा.

मग पडा. १८१४ साली या हत्तीची मान गळून पडली, पुढे धडही ढासळलं. १८६४ मध्ये साहेबाला वाटलं, हा विलायतेला न्यावा. उचलायला गेले तर क्रेननेच मान टाकली आणि उरलंसुरलं फुटलं. परदेशी न्यायला कुणी आलं की असं जड व्हावं. लंडनच्या काचांआड बसलेल्या कितीतरी वस्तूंना हे वेळेवर सुचलं नाही. तुकडे आले राणीच्या बागेत, आणि ते जोडायला १९१४ साल उजाडलं. जवळ जाऊन पाहा, अंगावरचे सांधे अजून दिसतात. पन्नास वर्षं फाइल पुढे सरकली नाही म्हणून तुम्ही उगाच रक्तदाब वाढवून घेता.

दुसरा घोडा. खरं तर पुतळा घोड्याचा नव्हेच, त्याच्यावर बसलेल्या युवराजाचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा. १८७९ मध्ये अल्बर्ट ससूनने तो शहराला दिला. ब्राँझ काळसर, बसवला भर फोर्टात. मुंबईकराने वर मान करून पाहिलं, युवराज बाजूला ठेवला आणि चौकाला नाव दिलं काळा घोडा! साहेबाला पाठीवर घेऊन आयुष्यभर निमूट उभं राहणाऱ्या तुम्हा-आम्हा नोकरदारांना यापेक्षा मोठा दिलासा कुठला? तेव्हा खुर्चीसाठी भांडू नका. खोगीर व्हा, नाल व्हा, जमल्यास रंगाने काळे व्हा.

१९६५ मध्ये स्वार आणि घोडा दोघांची बदली भायखळ्याला झाली. चौक रिकामा, नाव मात्र जागेवर. टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की तो घोडा नसलेल्या जागी बरोबर सोडायचा. १९९९ पासून तिथे घोड्याच्या नावाने कलामहोत्सवही भरू लागला, आणि घोडा? तो इकडे हत्तीच्या शेजारी. शेवटी २०१७ मध्ये चौकात नवा घोडा आला, पाठ मोकळी ठेवून. या वेळी कुणाला बसवायचं यावर वाद नको, हा शहाणपणा मला फार आवडला.

हे काही मुंबईचंच खूळ नाही. १९११ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या लूव्रमधून पेरुजिया नावाच्या कामगाराने ‘मोनालिसा’ उचलून नेली, तर रिकामी भिंत आणि खिळे पाहायला लोकांनी रांगा लावल्या. बाई दोन वर्षांनी परत आल्या त्या जगप्रसिद्ध होऊनच. चोर मिळाला तर सोडू नका.

गेल्या रविवारी मी हत्तीपाशी उभा होतो. एका पोराने बापाला विचारलं, “पप्पा, हा इथे का आलाय?”

“तुटला म्हणून. चल लवकर, पेंग्विन बंद होतील.”