वीस सेकंदांची माफी

डोंबिवलीच्या आमच्या कट्ट्यावर परवा ठिणगी टाकली ती मन्याच्या फॉरवर्डने. जपानात गाडी 20 सेकंद लवकर सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली! बातमी खरी आहे. नोव्हेंबर 2017, त्सुकुबा एक्सप्रेस. पण मन्याने खाली स्वतःची शेपटी जोडली होती : 'याला म्हणतात रक्तातली शिस्त. नाहीतर आपण!'

"रक्तातली?" शिल्पाने चहाचा ग्लास खाली ठेवला. ती दोन वर्षं ओसाकात नोकरी करून आलीय, त्यामुळे या विषयात सगळे तिला जरा टरकून असतात. "अरे, 1872 पर्यंत ते दिवसाचे सहा भाग करायचे आणि रात्रीचे सहा. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब, थंडीत आखूड. मिनिटाला विचारतो कोण!"

"आपल्या प्रहरांसारखंच की," बापूकाका म्हणाले.

"तेच. त्याच वर्षी शिम्बाशी ते योकोहामा रेल्वे सुरू झाली, 1873 पासून कॅलेंडर आणि घड्याळ दोन्ही बदललं. तरी लोक ऐकेनात, म्हणून 1920 मध्ये 10 जून हा 'वेळेचा दिवस' सुरू करावा लागला. रक्तात असतं तर हा खटाटोप कशाला?"

"बरं, नसेल रक्तात. शिकले ना पण? आपण का नाही शिकत?" मन्याचा हा मुद्दा बिनतोड होता, निदान मला तरी उत्तर सुचलं नाही.

शिल्पाचा आवाज उतरला. "आमागासाकीचा रेल्वे अपघात ऐकलायस? 25 एप्रिल 2005. ड्रायव्हर 23 वर्षांचा. आधीच्या स्टेशनात गाडी पुढे गेली, मागे घ्यावी लागली, दीडएक मिनिट उशीर झाला. त्या धास्तीत ताशी 70 किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर 116 ने गेला. डबे रुळावरून उतरून इमारतीत घुसले. ड्रायव्हर धरून 107 माणसं गेली."

"दीड मिनिटासाठी?"

"तेव्हा त्या कंपनीत उशीर झाला की ड्रायव्हरला 'निक्किन क्योइकु'. नाव प्रशिक्षणाचं, प्रत्यक्षात बोलणी खायची, पुन्हापुन्हा कबुलीजबाब लिहायचे, गवतसुद्धा उपटायचं. तो त्यातून आधी गेला होता."

मन्या गप्प. मला मात्र वाटलं, ही आता दुसऱ्या टोकाला चालली. तसं म्हणालोही.

"नाही रे. तिथे राहिले तेव्हा मला गाड्या आवडायच्याच. आणि त्या उशिराही येतात, बरं का. मग स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो, तो ऑफिसात दाखवायचा."

बापूकाकांनी तीस वर्षं डोंबिवली-सीएसटी केलेलं. ते हसायलाच लागले. "आपल्याकडे हे सुरू केलं तर पावसाळ्यात दाखल्यांचा कागद पुरायचा नाही! आणि साहेब मानणार आहे होय?"

"तिथे मानतो," शिल्पा म्हणाली. "मला कौतुक त्याचं आहे."

"मग फॉरवर्ड काढून टाकू?" मन्याने विचारलं.

"बातमी राहू दे. 'रक्तातली' तेवढं काढ."

त्याने काढलं. तोवर ते चार ग्रुपांवर पोचलं होतं.